पत्र्यावरची काठी

"बोळके आजी, दात शोधू नकोस, वर ये. भोपळ्या, आता तू. शिंप्या, मशीन राहू दे, बायकोला घे. पाणी सुटलंय गं, पाणी सुटलंय रे, वेल वाळूला सोडा, पाय काठाला लावा."

थोरलीनं ही हाक पहिल्यांदा ऐकली तेव्हा ती घरात नवी होती. वाळूत गुडघे रोवून काकडीच्या आळ्यात शेणखत कालवत होती. घरात धड चार शब्द न बोलणारा तिचा नवरा वर काठावर उभा होता, हातात काठी, आणि अख्ख्या नदीशी बोलत होता. त्या आवाजात आरडाओरडा नव्हता. दिवेलागणीला आई पोरांना घरात बोलावते तसा तो लांबत लांबत यायचा, वाळूवरून घसरायचा आणि ज्याचा त्याच्या कानात उतरायचा. शेवटाकडे त्यानं तिलाही हाक मारली होती. "नवरी, घमेलं टाक, वर ये." सगळे हसले. ती इतकी लाजली की घमेलं टाकायचंच विसरली, डोक्यावर शेणखत घेऊन वर आली. पुढे केस पिकले, गुडघे गेले, तरी काठावरून तिला नवरीच म्हटलं जायचं.

वरच्या अंगाला धरण होतं. पावसाळा सरून पात्र आटलं की वाळू उघडी पडायची, आणि काठावरची घरं तिच्यात पट्टे आखून कलिंगड, खरबूज, काकडी, भोपळा लावायची. वाळू कुणाच्या मालकीची नव्हती. सरकारनं कसायची मुभा दिली होती, तेवढीच. धरणाचं दार कधी उघडेल याचा नेम नसे. उघडलं की तिथला राखणदार फोन करायचा, आणि हाकाऱ्या, म्हणजे थोरलीचा नवरा, काठी उचलून काठाकाठानं निघायचा. वर चढायला एकच घसरडी वाट होती. एका वेळी एक माणूस आणि त्याच्या मागे एक शेळी, एवढीच मावायची. सगळे एकदम धावले तर पाण्याआधी वाटच माणसं खाईल. म्हणून नावं. वरच्या पट्ट्यापाशी पाणी आधी, म्हणून त्याचं नाव आधी. मग त्याच्या खालचा, मग त्याच्या खालचा. आपलं नाव येईपर्यंत माणूस फळं तोडत राहायचा आणि नाव आलं की हातातलं टाकून निघायचा. नावाआधी पळणाऱ्याला पुढचा हंगामभर चिडवायचे. कुणी त्याला पाणी विचारताना म्हणायचं, "पी, पी. घाबरू नकोस, तांब्यातलंच आहे."

एकाच माणसाचं नाव हाकाऱ्या घेत नसे. सख्ख्या धाकट्या भावाचं.

वाळू दर वर्षी कूस बदलते. एका वर्षी खुंट्या कुठे ठोकायच्या यावरून दोघा भावांची जुंपली. धाकट्यानं रागाच्या भरात भावाची खुंटी उपटून डोहात भिरकावली. थोरल्यानं अंगावर हात टाकला नाही. सगळ्यांदेखत एवढंच म्हणाला, "आजपासून तुझं नाव माझ्या तोंडी यायचं नाही." आणि बोलला तसा वागला. धाकट्याचा पट्टा सगळ्यात खाली, वळणाच्या तोंडाशी. नावं घेत घेत हाकाऱ्या बायकोपर्यंत यायचा, आणि तिच्या पुढे मात्र स्वतः वाळूत उतरायचा. मागे पाणी चाललेलं असायचं. धाकट्याच्या झोपडीवर काठी मारायचा. पत्र्याचा तो आवाज सगळा काठ ओळखायचा. तो झाला म्हणजे हाका संपल्या. धाकटा बाहेर येऊन शिव्या द्यायचा, "पत्रा फोड एकदाचा, म्हणजे जिवाला शांती." थोरला पाठ फिरवून चालू लागायचा आणि धाकटा शिव्या देत देत मागून चढायचा. वर पोचेपर्यंत दोघांनाही धाप लागलेली असायची. दोघा भावांचं बोलणं म्हणायचं तर एवढंच उरलं होतं.

हात पुढे केला असता, काठावरून एकदा "बारक्या" म्हटलं असतं, तर तेवढी पायपीट वाचली असती. थोरली एकदा तसं म्हणाली. तो जेवत होता. हात थांबला नाही, पण घास गिळायला त्याला वेळ लागला.

मग एका हंगामात सरकारी कार्यालयातून माणसं आली. शाळेच्या एका खोलीला खिडक्यांवर गोधड्या टांगून त्यांनी आवाज घ्यायची जागा केली. त्यांच्यातली मॅडम तरुण होती, बोलायला मऊ. हाकाऱ्याला म्हणाली, "आजोबा, तुमचा घसा बसला, अंगात ताप असला, तर लोकांना कोण सांगणार? तुमचा आवाज आम्ही साठवून ठेवतो. यंत्र शिकेल तुमच्याकडून."

हाकाऱ्याला आवडलं. कुणी आपल्याकडून काही शिकेल असं त्याला आजवर वाटलं नव्हतं. चपला बाहेर काढून तो आत गेला. मॅडम म्हणेल ती वाक्यं म्हणत गेला. आंबा, आभाळ, अठरा, अठ्ठावीस, हसून, रागानं, हळू, मोठ्यांदा. थोरली चहा घेऊन आली तेव्हा नावं चालली होती. बोळकी आजी झाली, भोपळ्या झाला, शिंपी झाला. बंद खोलीत तो आवाज मावत नव्हता, गोधड्या हलतील असं वाटत होतं. "नवरी, वर ये," तो म्हणाला, आणि चहा घेऊन उभ्या असलेल्या बायकोकडे बघून जरा हसला.

"झाले सगळे?" मॅडमनं विचारलं.

कोपऱ्यात काठी टेकवून ठेवली होती. त्यानं तिकडे बघितलं.

"झाले."

थोरलीनं चहा खाली ठेवला. परत येताना ती म्हणाली, "एक राहिलं."

"तिकडे मी जातो ना."

"आणि ताप आला तर?"

"तापात जातो. एरवी काय गाडीतून गेलो?"

माणूस गेल्यावर आवाजाचं काय, हे त्याला कुणी सांगितलं नाही, आणि विचारायचं असतं हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याच थंडीत खोकल्यानं धरलं आणि तो गेला.

काठावर खांब उभे राहिले. खांबावर काळा कर्णा, वर सूर्याच्या उजेडावर चालणारी काच. ती काच पुसायचं काम थोरलीच्या मुलाला मिळालं. कावळ्यांची घाण काढायची, वायरी उंदरांनी खाल्ल्या का बघायचं. लोक त्याला खांबवाला म्हणू लागले. घरात हातावरचं काम सुटून पहिल्यांदाच काहीतरी कायमचं आलं होतं. त्याचं लग्न ठरायचं होतं. आता ठरेल असं थोरलीला वाटू लागलं.

एका सकाळी ती भांडी घासत होती. खांबातून नवरा बोलला.

"नागरिकहो, पाणी उकळून प्या."

पातेलं हातातून निसटून अंगणभर फिरलं. ती उठून दारापर्यंत गेली, मग चुलीपर्यंत गेली, मग कुठे जायचं ते न कळून पातेलं उचलून पुन्हा घासायला बसली.

त्या दिवसापासून तो रोज बोलू लागला. डासांबद्दल बोलला. हात धुण्याबद्दल बोलला. "अफवांवर विश्वास ठेवू नका," म्हणाला. "संगणकीय प्रणाली आपल्या सेवेसाठी आहे, तिच्याशी सहकार्य करा," असंही म्हणाला. आवाज तोच, लांबवणं तेच, खोकल्याआधी जसा थबकायचा तसं थबकणंसुद्धा तेच. फक्त खोकला नव्हता.

भोपळ्या वाटेत भेटला. भोपळा लावणारा आणि भोपळ्यासारखाच वाढलेला. म्हणाला, "वहिनी, नवरा तुमचा मेल्यावर शिकला की. जिवंतपणी 'नागरिक' म्हणायला सांगितलं असतं तर जिभेला गाठ पडली असती त्याच्या."

ती हसली. हसता हसता तोंड कसं मिटायचं ते तिला कळेना. भोपळ्या मान खाली घालून निघून गेला.

बोळकी आजी मात्र खांबाला उत्तर द्यायची. "हो रे बाबा, उकळते. तू नको जीव काढूस." आणि खरंच उकळायची. तोच निरोप कार्यालयाची गाडी भोंगा लावून वर्षानुवर्षं देत होती, तेव्हा कुणी उकळलं नव्हतं. मॅडम मुलाला म्हणाली, तुमच्या वडिलांमुळे जनजागृतीचं काम कुठल्या कुठे गेलं. मुलानं ते घरी येऊन सांगितलं.  थोरलीला त्यात खोटं काही सापडेना, आणि तरी घशाखाली उतरेना.

उन्हाळा वर आला तेव्हा कलिंगडं तोडायला झाली होती. वारा तापला होता, वाळू पायाला चावत होती. थोरली ओली गोणी पायांखाली घेऊन वाकलेली. दुपार कलत असताना खांब बोलला.

"बोळके आजी, दात शोधू नकोस, वर ये."

क्षणभर तिला वाटलं, सगळं पूर्वीसारखंच आहे. वरच्या पट्ट्यातली माणसं हातातलं टाकून निघाली. एका मागे एक, घसरडी वाट धरून, ज्याची त्याची हाक येईल तसे. यंत्रानं कुठे चूक केली नाही. क्रम तोच, मधली थांबायची जागा तीच. "शिंप्या, मशीन राहू दे," झालं. शिंपी आता शिवत नव्हता, मशीन विकून झाली होती, तरी तो बायकोला घेऊन चढला.

"नवरी, घमेलं टाक, वर ये."

तिनं घमेलं टाकलं. वाटेच्या तोंडाशी आली आणि तिचे कान पुढच्या आवाजासाठी थांबले. पत्र्यासाठी.

खांब म्हणाला, "आणि बाकी सर्व नागरिकांनी त्वरित सुरक्षित स्थळी यावे."

मागून धाकटी आली, तिची जाऊ. दोरीला शेळी, शेळी अडून बसलेली, धाकटी तिला ओढत होती. थोरलीनं विचारलं, "भावजी?"

"येतायत मागून. चला तुम्ही."

थोरली चढली. वर येऊन वळली तेव्हा पात्राच्या वरच्या अंगाला पांढरी रेघ दिसत होती. ती जवळ आली तशी तिचा रंग मातीचा झाला. वाळूतल्या कलिंगडांना उचलून ती घेऊन निघाली, हिरवी हिरवी डोकी एकमेकांवर आपटत चालली. मग झोपडी हलली. पत्रा एकदा उन्हात चमकला, आडवा झाला आणि वळणावरून दिसेनासा झाला. धाकटीच्या हातातून शेळीची दोरी सुटली नव्हती. खांबवाला वाटेनं खाली धावला, त्याला भोपळ्यानं कमरेला मिठी मारून धरलं. धरून धरून भोपळ्याला रडू फुटलं.

पाणी ओसरल्यावर धाकटा खालच्या वळणावर सापडला.

दुःखाला अजून घरात बसायला जागा झाली नव्हती, तोवर बोलावणं आलं. नियम असा होता, की इशारा मिळूनही जो वाळूत थांबेल त्याच्या घराचा पट्टा बंद. लोकांनी जिवाशी खेळू नये म्हणून नियम केलेला. इशारा मिळालाच नसेल तर पट्टा राहतो. धाकटीला मूलबाळ नव्हतं, दुसरी जमीन नव्हती. त्या वाळूशिवाय तिच्याकडे होती ती एक शेळी.

सुनावणी शाळेच्या त्याच खोलीत झाली. खिडक्यांवर आता गोधड्या नव्हत्या, ऊन सरळ आत येत होतं. भिंतीवर मोठ्या अक्षरांत कागद लावला होता: यंत्र मदतीला, अंतिम निर्णय माणसाचाच. त्याखाली तीच मॅडम मांडीवर पाटीसारखी काचेची वस्तू घेऊन बसली होती. तिनं धाकटीला खुर्ची दिली. धाकटी उभीच राहिली. खुर्ची एकच होती आणि थोरली जाऊ मागे उभी होती.

"त्या दिवशी खांबाचा आवाज तुमच्या झोपडीपर्यंत पोचत होता, आजी. प्रणालीनं तपासलंय. ते कुठे होते?"

"झोपले होते."

थोरलीनं तिच्याकडे बघितलं. धाकटी जमिनीकडे बघत होती.

"झोपलेल्यालाही जाग येईल एवढा आवाज होता, असं दिसतंय इथे."

भोपळ्या दारातून म्हणाला, "बाई, आमच्या बारक्याला झोपलेला तुम्ही बघितला नाहीत. अंगावर म्हैस बसली असती तर तिलाही पांघरूण दिलं असतं त्यानं."

कुणीतरी हसलं. मॅडमही हसली, आणि मग तिनं ते बोटांनी आत टाकलं. थोडा वेळ काचेवर एक गोल फिरत राहिला. सगळे त्या गोलाकडे बघत होते. मॅडम म्हणाली, "गाढ झोप हे कारण धरता येत नाही म्हणतंय."

थोरली पुढे सरकली. खांबवाल्यानं मागून तिचं कोपर धरलं. तिनं ते सोडवून घेतलं.

"त्यात भावजींचं नाव नाहीये."

"कशात?"

"खांबात. ह्यांनी घेतलंच नव्हतं. इथेच बसून, तुमच्यासमोर. तुम्ही विचारलंत, झाले का सगळे. मी चहा घेऊन उभी होते. झाले म्हणाले. नव्हते झाले." तिला बोलायची सवय नव्हती, शब्द एकमेकांच्या पायात येत होते. "भावांचं भांडण होतं. हाक मारायचे नाहीत, पत्र्यावर काठी मारायचे. उतरून जायचे. आमच्यात नाव आल्याशिवाय कुणी निघत नाही. वाट एकच आहे हो."

मॅडमचा चेहरा उतरला. ती खरोखर आठवत होती. "पण आजी, 'बाकी सर्व नागरिक' असं म्हटलं होतं ना शेवटी?"

"ते ह्यांनी नाही म्हटलं."

"त्यांच्याच आवाजात आहे."

"आवाज त्यांचा. बोलणं तुमचं."

 मॅडमनं तेही बोटांनी आत टाकलं, शब्द निवडून निवडून, दोनदा पुसून. गोल फिरला. या वेळी जास्त वेळ फिरला, म्हणून सगळ्यांना आशा वाटली. उत्तर आलं तेव्हा ते तिनं मोठ्यानं वाचलं नाही, स्वतःशी वाचलं, आणि मग म्हणाली, "सर्वांसाठीची सूचना पुरेशी असते. नाव घेणं बंधनकारक नाही."

भोपळ्या आत आला. भिंतीवरच्या कागदापाशी गेला. "हे मी पोरीकडून वाचून घेतलंय. निर्णय माणसाचा. तो माणूस कुठे बसतो, बाई? आम्ही जातो त्याच्याकडे. चालत जातो."

"मीच आहे ती, काका."

"मग द्या ना निर्णय."

मॅडमनं काच मांडीवर उपडी ठेवली. "यंत्रापेक्षा वेगळं लिहायचं तर मला कारण निवडावं लागतं. कारणं ठरलेली आहेत. भावांचं भांडण त्यात नाही." ती हळू बोलत होती, तिलाच लाज वाटत असल्यासारखी. "मी वर कळवते. पण वरही तेच तपासतं."

भोपळ्या कागदापासून बाजूला झाला. मग, "चहा घेणार का?" म्हणाला. 

जाता जाता मॅडमच्या मनात आलं, निदान एक तरी गोष्ट आपल्या हातात आहे. ती धाकटीजवळ आली. "नाव राहिलं ही चूकच आहे, आजी. ती मी आत्ता दुरुस्त करते. काय म्हणायचे त्यांना?"

  कुणीतरी बोलायला हवं म्हणून खांबवाला म्हणाला, "बारक्या."

मॅडमनं बोटं फिरवली. बाहेरचा खांब जरा खरखरला.

"बारक्या, वर ये."

लांबवत. 'बा' वर जोर, मग पाण्यावरून सोडल्यासारखं. इतकी वर्षं जे त्यानं दातांमागे धरून ठेवलं होतं ते एका बोटानं बाहेर आलं. थोरलीच्या अंगावर काटा आला, आणि लगेच अशी लाज वाटली, जणू तिला चारचौघांत कुणी उघडं केलं असावं. धाकटी इतका वेळ उभी होती, ती आता खाली बसली. खुर्चीवर नाही, जमिनीवर.

"उच्चार बरोबर आहे ना?" मॅडमनं विचारलं.

"बरोबर आहे," खांबवाला म्हणाला.

पट्टा मोकळा करून द्यायचा होता. पुरानं खालची वाळू नेली होती, तरी काठालगतचा तुकडा वाचला होता आणि त्यावर काकडीचे वेल अजून जीव धरून होते. दोघी जावा रोज उन्हं चढायच्या आत तिथे उतरायच्या. वेल उपटायचे, मुळांची वाळू झटकायची, खुंट्या काढायच्या, वाऱ्याला आडोसा म्हणून लावलेले गवताचे पेंढे सोडून त्यांचे भारे बांधायचे. वेल सहजी सुटत नव्हते. त्यांचे तंतू एकमेकांना धरून होते, खुंट्यांना धरून होते, धाकटीच्या मनगटालाही एकदा गुंडाळले गेले. ती तो तंतू न तोडता उलगडत बसली. बोटाएवढ्या काकड्या, टोकाला अजून पिवळं फूल, घमेल्यात पडत होत्या. शेळीनं त्या खाल्ल्या नाहीत. कडू होत्या.

"पाणी पी," थोरली म्हणायची.

"हे एवढं आळं होऊ दे."

"आळं कुठे पळून जातंय?"

"आता कुठेच नाही जात," धाकटी म्हणायची आणि पुन्हा वाकायची. तिच्या तळहातांना भेगा पडल्या होत्या. थोरलीनं त्यावर तेल लावायला घेतलं तर तिनं हात ओढून घेतले. मग थोड्या वेळानं स्वतःच पुढे केले.

रोज सकाळी खांबाची चाचणी व्हायची. एकेक नाव हळू आवाजात यायचं, सगळे कर्णे धड आहेत का ते कळायला. आता नवरीच्या पुढे आणखी एक यायचं. खांबवाल्यानं ते काढून टाका म्हणून सांगितलं होतं. त्याला उत्तर मिळालं, घालायला परवानगी लागत नाही, काढायला लागते. अर्ज वर गेलाय. तो आईला म्हणाला, मी वायर कापतो. थोरली म्हणाली, "आणि उद्या पाणी सुटलं तर? बोळक्या आजीला कोण सांगणार, तू?"  त्याला बापाचा गळा मिळाला नव्हता. तो खांबावर चढला आणि काच पुसू लागला.

शेवटचं आळं उरलं त्या सकाळीही चाचणी झाली. दोघी वाकलेल्या होत्या.

"नवरी, घमेलं टाक, वर ये." आणि मग, "बारक्या, वर ये."

धाकटीच्या हातातला विळा थांबला. ती कान देऊन ऐकत होती, अजून काही येईल असं. नदी वाहत होती, पलीकडे कुणाचं तरी कुत्रं भुंकत होतं. थोरलीनं कंबर सरळ केली.

"त्या दिवशी वाटेवर मला म्हणालीस, येतायत मागून. शाळेत म्हणालीस, झोपले होते."

धाकटीनं विळा वाळूत रोवला. 

"झोपले नव्हते, जाऊबाई. तिथे खरं सांगितलं असतं तर म्हणाले असते, ऐकलं होतं ना, मग झालं. म्हणून झोपले म्हटलं. तरी गेलाच पट्टा." तिनं तोंडावरचा घाम कोपरानं पुसला. "आजीचं नाव आलं तेव्हाच उठून बसले होते. मला म्हणाले, सदरा दे. मी म्हटलं, या उकाड्यात सदरा? म्हणाले, दे. घातला, गळ्यापर्यंत गुंड्या लावल्या. मग खाटेवर बसून एकेक नाव ऐकत राहिले. भोपळ्याचं झालं, हसले. तुमचं झालं. मग ते नागरिक आलं आणि सगळं थांबलं. मी म्हटलं, चला हो, थोरले कुठले आता, यंत्र आहे ते. तर म्हणाले, यंत्र आहे म्हणूनच. काठी आता यायची नाही, म्हणजे नावच घ्यावं लागणार दादाला. एवढ्या वर्षांनी तो घेईल, आणि मी आधीच वर जाऊन उभा राहू? तू शेळी घेऊन हो पुढे. मी ऐकून येतो."